माझे बाबा दाराबाहेरच राहिले का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंचं सहा पानी पत्र आलं आहे. वय ३६, अंगणवाडी सेविका. सात वर्षांपूर्वी मुलाच्या आजारपणात शेजारणीबरोबर त्या प्रार्थनेला जाऊ लागल्या आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची हरकत नव्हती. माहेर दोन कोसांवर, वारकरी. वडील शेगावच्या पालखीबरोबर दोनदा पायी पंढरपूरला गेलेले, गळ्यात माळ, गावच्या भजनात मृदंग त्यांच्याकडे. लेक दुसऱ्या वाटेने गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "देवाचंच नाव घेतं ना तू? मंग घे." गेल्या ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर ते गेले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या मंडळीच्या (चर्चच्या) उपास-प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले. बाप्तिस्म्यावाचून मेलेला माणूस कितीही भला असला तरी नरकातच आहे असं त्यांनी सांगितलं, आणि उदाहरण दिलं ते "इथं बसलेल्या एका बहिणीच्या बापाचं". गावात बोलणं लपत नाही. आईच्या कानावर गेलं. आई म्हणाली, "तुह्या देवानं तुह्या बापाले घेतलं नाई, त मी कायले येऊ त्याच्यापाशी?" आता वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं आहे. भावाने बोलावलं आहे. मंडळीतले वडीलधारे सांगतात, त्या पंगतीला बसलात तर विश्वास मोडला. ताई विचारतात: बाबा खरंच हरवले का? मी त्यांना येशूबद्दल नीट सांगितलं नाही म्हणून हे झालं का? वर्षश्राद्धाला जाऊ की नको?

शेवटच्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरात, आणखी दोन गोष्टी आहेत. दहाव्याला कावळा शिवेना. भाऊ हात जोडून "ताईले अंतर देनार नाई, बाबा" म्हणाला, तेव्हा शिवला. आणि दवाखान्यात, जायच्या आदल्या रात्री, बाबांनी लेकीला एक अभंग म्हणायला सांगितलं होतं. ती गप्प बसून राहिली.

ताई,

तुमचं पत्र रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. सगळ्यात आधी एक सांगते. बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत भरल्या सभेत लेकीसमोर त्याच्या आत्म्याचा निकाल सांगणं, हे वाईट झालं. शास्त्राचा अर्थ कोणी कसाही लावो, दुःखातल्या माणसाशी असं वागायची मुभा ख्रिस्ताने कोणाला दिलेली नाही. लाजर मेला तेव्हा त्याच्या बहिणीला रडताना पाहून तो स्वतः रडला होता. त्या सभेत तुम्हाला जे मिळायला हवं होतं ते हे होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी ख्रिस्ती घरात जन्मले, अमरावती जिल्ह्यात आयुष्यभर शाळेत शिकवलं, आजूबाजूला सगळी माळकरी, बौद्ध, मुसलमान, कोरकू माणसं. हा प्रश्न माझ्याही उशाशी अनेक वर्षं होता. म्हणून पुस्तकी उत्तर देणार नाही, पण पुस्तक उघडल्याशिवायही पुढे जाता येणार नाही, कारण तुम्हाला घाबरवलं गेलं ते त्याच पुस्तकाच्या नावाने.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही न बोलता गृहीत धरली आहे. ती अशी, की देव तुमच्या घराण्यात सात वर्षांपूर्वी आला, तुमच्याबरोबर आला, आणि बाबांपर्यंत तुम्ही त्याला पोचवला नाहीत तर तो पोचलाच नाही. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय काढा. कैसरियात कर्नेल्य नावाचा रोमी शतपती राहत होता. यहुदी नव्हता, सुंता झालेली नव्हती, येशूचं नाव कोणी त्याला समजावलेलं नव्हतं. तो प्रार्थना करायचा आणि गोरगरिबांना हात सैल सोडून द्यायचा. देवदूत त्याला काय सांगतो ते नीट वाचा: तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म देवापुढे पोचले आहेत. येशूचा शिष्य पेत्र अजून त्याच्या घरी आलेला नाही. पाण्याचा थेंब पडलेला नाही. तरी प्रार्थना पोचली आहे!

आणि त्या वेळी पेत्र कुठे होता? यापोत, समुद्रकाठी, कातडं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. यहुद्यांत तो धंदा विटाळाचा समजला जाई. आपल्या गावात राहणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. तिथे दुपारी भुकेच्या वेळी पेत्राला आकाशातून उतरणारी चादर दिसते, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे पशुपक्षी. मारून खा, असं त्याला सांगितलं जातं. मी कधी विटाळलेलं खाल्लं नाही, असं तो म्हणतो. देवाने जे शुद्ध केलं त्याला तू निषिद्ध म्हणू नकोस, असं उत्तर येतं. हे तीनदा होतं. येशूबरोबर राहिलेल्या, पुनरुत्थान पाहिलेल्या पेत्रालाही तीनदा सांगावं लागलं. मग तो कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत जातो आणि कबूल करतो, की देव पक्षपाती नाही, कोणत्याही राष्ट्रातला माणूस त्याचं भय धरून नीतीने वागत असेल तर तो देवाला मान्य आहे. त्याचं बोलणं चालू असतानाच पवित्र आत्मा त्या परक्या घरावर उतरतो. बाप्तिस्मा नंतर होतो.

इथे तुमचे वडीलधारे म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं मी टाळणार नाही, की पेत्राला तरी पाठवावं लागलंच ना? पुढच्याच अध्यायात लिहिलं आहे की पेत्र जे सांगेल त्याने कर्नेल्याचं आणि त्याच्या घराचं तारण, म्हणजे उद्धार, होईल. बरोबर आहे. म्हणून ख्रिस्ताची सुवार्ता सांगणं वाया आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्या प्रार्थनेत जे मिळालं ते खरं आहे. पण सांगणारा पोचायच्या आधी देव तिथे नव्हता, असं मात्र या अध्यायात कुठेच नाही.

पंधराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मला तुमची ती सभाच आठवली. अंत्युखियाच्या मंडळीत यहुदी नसलेली बरीच माणसं आली होती, आनंदात होती. तिथे यहूदियातून काही लोक आले आणि शिकवू लागले, की तुमची सुंता झाली नाही तर तुमचं तारण व्हायचं नाही. बाहेरून आलेले, ठाम बोलणारे, "हे केलं नाही तर तारण नाही" असं सांगणारे. मंडळी एवढी हादरली की पौल आणि बर्णबा या तिथल्या शिक्षकांना त्या प्रश्नासाठी यरुशलेमला जावं लागलं. साधारण सन ४९ चा सुमार. प्रेषित आणि वडीलधारे बसले, वादावादी झाली, आणि पेत्र उभा राहून म्हणाला, आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही जे जू पेलवलं नाही ते त्यांच्या मानेवर का ठेवता? तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या, जू म्हणजे काय ते तुम्ही बैलाच्या खांद्यावर पाहिलेलं आहे. ख्रिस्ती धर्म यहुद्यांपुरता न राहता जगाचा झाला तो सुंतेची अट न घालण्याच्या त्या बैठकीतल्या निर्णयाने. त्या निर्णयावाचून तुमच्या-माझ्यापर्यंत काहीच आलं नसतं.

म्हणजे "तारण सगळ्यांसाठी" हे म्हणणं कोण्या मवाळ लोकांनी अलीकडे शोधून काढलेलं नाही. सुरुवातीपासून तेच आहे, आणि सुरुवातीपासून आत बसलेल्यांनाच ते जड गेलं आहे. येशू नाझरेथच्या सभास्थानात पहिल्यांदा बोलला तेव्हा लोक आधी खूश होते. मग तो म्हणाला, दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलिया संदेष्ट्याला पाठवलं ते सारफथच्या परक्या विधवेकडे. कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण बरा झाला तो अरामी सेनापती नामान. एवढ्यावरून गावाने त्याला कड्यावरून ढकलायला नेलं.

पण तुम्ही रात्री जागून वाचत असाल ते हे अध्याय नसतील. तुमच्या मनात ते दुसरं वचन असेल: मार्ग, सत्य आणि जीवन मी आहे, माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही. ते वचन मी झाकून ठेवत नाही, माझा त्यावर विश्वास आहे. फक्त ते काय सांगतं ते पाहा. माणूस वाचतो तो ख्रिस्तामुळे, एवढं ते सांगतं. ख्रिस्त कोणापर्यंत कोणत्या वाटेने जातो त्याची हद्द ते आखत नाही. अब्राहामाने येशूचं नाव ऐकलं नव्हतं. पौल रोमकरांना लिहितो की अब्राहामाला नीतिमान गणलं गेलं ते त्याची सुंता व्हायच्याही आधी. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही अशी माणसंही कधी कधी त्यातलंच आचरण करतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेलं असतं. हे लिहिणारा तोच पौल, जो गावोगावी फटके खाऊन ख्रिस्ताचं नाव सांगत फिरला. त्याला या दोन्ही गोष्टी एकत्र मानायला अडचण वाटली नाही.

पुढच्या काळात मंडळ्यांनी या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी दिली, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण "बायबल असं सांगतं" म्हणून तुमच्यापुढे जे ठेवलं गेलं ते अनेकांपैकी एक उत्तर आहे. "मंडळीबाहेर तारण नाही" हे बोल तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियन बिशपांचे. त्यांचा रोख मंडळीतून फुटून निघालेल्या गटांवर होता. माळकरी शेतकऱ्याचा विचार करून ते बोलले नव्हते. पुढे शतकानुशतकं ते वाक्य सगळ्या जगाला लावलं गेलं. पण २१ नोव्हेंबर १९६४ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कॅथलिक मंडळीची शिकवण स्पष्ट शब्दांत मांडली: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळली नाही, पण जे खऱ्या मनाने देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीला कळेल तशी त्याची इच्छा पाळायला झटतात, त्यांनाही सार्वकालिक तारण मिळू शकतं. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, मंडळीबाहेरचे सगळे नाशातच जातात असा हट्ट धरणाऱ्या बोस्टनच्या एका धर्मगुरूंच्या प्रकरणात रोमने तिथल्या आर्चबिशपांना पत्र पाठवून ते वाक्य असं वाचू नये म्हणून बजावलं होतं. ते धर्मगुरू बधले नाहीत. १९५३ मध्ये आज्ञाभंगासाठी त्यांनाच मंडळीबाहेर काढलं गेलं.

तुमची मंडळी कॅथलिक नाही, हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. प्रोटेस्टंटांत काहीजण आजही ठामपणे मानतात की जिवंतपणी ख्रिस्तावर उघड विश्वास ठेवल्याशिवाय तारण नाही. ही माणसं दुष्ट नाहीत. ते खरं मानतात म्हणून तर घरदार सोडून मेळघाटापर्यंत गेली. पण सुवार्ताप्रसाराला वाहून घेतलेल्यांतही सगळे इतकं पुढे जात नाहीत. जगभर सुवार्ता सांगायच्या निर्धाराच्या, १९७४ च्या लोझान जाहीरनाम्याचा मसुदा ज्यांनी मुख्यतः घडवला ते जॉन स्टॉट जगभरच्या सुवार्तावादी मंडळ्यांचे मोठे शिक्षक. तारणारा एकच, ख्रिस्त, यावर ते शेवटपर्यंत ठाम होते. आणि ज्यांनी कधी सुवार्ता ऐकलीच नाही त्यांचं काय, यावर त्यांचं म्हणणं होतं की हे आपल्याला उघड केलेलं नाही, तेव्हा आपण ठाऊक असल्यासारखं बोलू नये. तुमच्या पाळकांशी बोलताना हे नाव घ्या. त्यांनाही ते आदराचं असेल. शिवाय आपल्या भागात हे विषय नवे नाहीत. १९५३ ते १९८३ युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती, तुमच्याच जिल्ह्यात बसून पाळक होणारी पोरं याच अध्यायांवर घासाघीस करत होती.

तर बाबा हरवले का? ताई, ते स्वर्गात आहेत असं मी लिहून देऊ शकत नाही. तो अधिकार माझा नाही. त्या प्रचारकांचाही नव्हता. तुम्हाला आशा धरायची मोकळीक आहे, आणि ती आशा शास्त्राच्या विरोधात जात नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते. सदोमावर नाश येणार असं कळलं तेव्हा अब्राहामाने देवाशी काय केलं? पन्नास नीतिमान असतील तर? पंचेचाळीस? चाळीस? दहापर्यंत आला. सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असं तोंडावर विचारलं. देव रागावला नाही, प्रत्येक वेळी त्याने ऐकून घेतलं. परक्या गावासाठी अब्राहाम एवढं बोलला, तर स्वतःच्या बापासाठी तुम्ही बोललात म्हणून कोणाचा विश्वास मोडत नाही. मेलेल्यांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. कॅथलिक करतात, २ नोव्हेंबरला तर खास. तुमच्या मंडळीत करत नसतील तर निदान बाबांबद्दल उपकार माना. त्यांना नावानिशी देवापुढे ठेवा. त्याला कोणाची आडकाठी नाही.

"मी नीट सांगितलं नाही" हे जे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल. सात वर्षं बाबांनी तुम्हाला पाहिलं. पोराच्या दुखण्यातून सावरताना पाहिलं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन त्यांचे पाय चेपत होतात, तुरीच्या सोंगणीला सुट्टी काढून जात होतात, हे तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. त्यांनी तुमच्या देवाबद्दल जे काही जाणलं ते यातून. आणि त्यांनी त्याला नाकारलं नाही. "मंग घे" म्हणाले. त्या दोन शब्दांत काय काय होतं ते मला माहीत नाही, पण दार लावणाऱ्या माणसाचं ते बोलणं नव्हे. एका माणसाचं सार्वकालिक जीवन लेकीच्या बोलण्याच्या कसबावर टांगून ठेवणारा देव मला बायबलात कुठे सापडला नाही.

आता वर्षश्राद्ध. जा.

नामानाची गोष्ट पुढे नेते, कारण ती तुमच्यासाठीच लिहून ठेवल्यासारखी आहे. तो बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, यापुढे मी परमेश्वराशिवाय कोणाला बळी अर्पणार नाही. दोन खेचरांवर मावेल एवढी तिथली माती मागून घेतो. आणि मग अवघडत एक विचारतो. माझा राजा रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, त्याच्याबरोबर मलाही वाकावं लागतं; एवढ्याची मला क्षमा होईल ना? अलीशा मोठा कडक माणूस. त्याच्याकडून माणसाची अपेक्षा असेल की तो नोकरी सोड म्हणेल. तो म्हणतो, "शांतीने जा." बस. नव्या विश्वासाच्या माणसाला जुन्या घरात, जुन्या नात्यांत परत जायचं असतं, हे त्या संदेष्ट्याला कळत होतं. तुमच्याही हातावर कोणीतरी टेकलेलं आहे. तुमची आई.

पंगतीचं म्हणाल तर पौलाने करिंथकरांना सरळ लिहिलं आहे: विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जायचं असेल, तर पुढे वाढलेलं खा, चौकशा करत बसू नका. पुढे तो असंही म्हणतो की कोणी मुद्दाम सांगितलं, हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्या मनासाठी खाऊ नका. म्हणून भावाशी आधी, एकट्याने, बोलून ठेवा. आदल्या दिवशी संध्याकाळीच माहेरी जा. पुरणाची डाळ शिजवायला, वडे तळायला, भांडी घासायला हात लागतातच. भावाला सांगा, "पिंडापुढं मी मंत्र म्हणणार नाही, तुझं तू कर, मी मागं उभी राहीन, माझ्या मनात बाबांसाठी बोलीन. नैवेद्याचं पान माझ्यापुढं नको, बाकी पंगतीला मी तुझ्याशेजारी बसीन." कावळ्यापुढे तुमच्यासाठी शब्द देणारा भाऊ आहे तो. तो समजून घेईल. दहाव्याच्या विधीबद्दल तुमची-माझी श्रद्धा काय आहे ते बाजूला ठेवा. बापाचा जीव कशात अडकला असेल असा प्रश्न पडला तेव्हा त्या सगळ्या घराला तुमचंच नाव आठवलं. अशा घराच्या पंगतीत तुमचं पान रिकामं ठेवू नका.

हे मी जड मनाने लिहिते आहे, कारण तरुणपणी मी याच्या उलट वागले. शेजारच्या काकू महालक्ष्म्यांच्या जेवणाचं ताट घेऊन दारात आल्या आणि "आमच्यात चालत नाही" म्हणून मी ते परत पाठवलं. नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांनी ते मुद्दाम आमच्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याच काकूंनी माझ्या टायफॉइडात दोन रात्री उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या होत्या. झाकलेलं ताट घेऊन अंगणातून परत जाणारी त्यांची पाठ मला अजून दिसते. त्या दिवशी मी ख्रिस्ताची साक्ष दिली असं मला वाटलं होतं.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांशी भांडू नका, आणि लपूनही जाऊ नका. नवऱ्याला बरोबर घेऊन पाळकांच्या घरी जा, सभेत हा विषय काढू नका. मी अमुक तारखेला माहेरी जाणार आहे, अमुक करणार आहे, अमुक करणार नाही, असं सरळ सांगा. नामानाचा अध्याय त्यांच्याबरोबर मोठ्याने वाचा: दुसरे राजे, पाचवा. आणि त्या सभेत बाबांचं उदाहरण घेतलं गेलं ते तुम्हाला लागलं, हेही त्यांना कळू द्या. पुष्कळ पाळक गावात एकटे पडलेले असतात, बाहेरचा मोठा वक्ता आला की त्याच्यापुढे बोलायला कचरतात. तुम्ही शांतपणे सांगितलंत तर त्यांनाही धीर येईल. एवढं करूनही प्रभुभोजनापासून दूर ठेवू अशी भाषा झालीच, तर घाबरू नका. एक मंडळी म्हणजे सगळी ख्रिस्ती मंडळी नव्हे. आपल्या नागपुरातच २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या आपापले हट्ट बाजूला ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाल्या.

असं पत्र तुमचं एकटीचं नाही. एका तरुण बापाचं बाळ तिसऱ्या दिवशी, बाप्तिस्म्याआधी गेलं. त्यालाही कोणीतरी असंच काही ऐकवलं होतं. त्याच्यासारख्यांसाठी लिहिते: कॅथलिक मंडळीच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये याच प्रश्नावर विचार करून सांगितलं आहे की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत. आणि जे वाचक हिंदू घरातले आहेत, ज्यांची लेक किंवा सून अशी वेगळ्या वाटेला गेली आहे, त्यांना विनंती की तिला पंगतीला बोलवा, आणि ती एखाद्या ठिकाणी हात जोडणार नाही तेव्हा सगळ्यांसमोर तिला टोकू नका.

तुमच्या आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायला जाऊ नका. ते वादाने सुटणारं नाही, आणि ती तुम्हाला चर्चेला बोलावत नव्हती, ती रडत होती. तिला एवढंच सांगा की बाबाले घेतलं का नाही, हे सांगणारा तो माणूस देव नव्हता.

राहिला तो अभंग. मला वाटतं, सहा पानांत तुम्हाला खरं टोचतंय ते हेच, म्हणून ते कडेला बारीक अक्षरात आलं. बाबांनी मागितलं आणि तुम्ही गप्प बसलात, कारण कोणीतरी सांगितलं होतं की ते तोंडाने घेणं पाप आहे. ताई, कवी नारायण वामन टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार पडला तो आपल्याकडच्याच गाडीत, नागपूर आणि राजनांदगावच्या प्रवासात. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये. मधली पाच वर्षं दोघं वेगळ्या धर्मांत होती. हेच टिळक सांगत, की तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. अभंगाची, ओवीची चाल त्यांनी सोडली नाही, तिच्यातच ख्रिस्ताची पदं बांधली, ती आज मराठी मंडळ्यांत म्हटली जातात. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही ख्रिस्तभक्त बसायचे होते.

तुम्हीही त्याच पुलावरून आलात. लहानपणी भजनाला खांद्यावर बसवून कोणी नेलं होतं? देवापुढे बसायचं असतं, गाताना डोळे मिटतात, हे तुम्ही पाळकांकडून शिकला नाहीत. मृदंग वाजवणाऱ्या माणसाच्या मांडीला टेकून शिकलात.

त्या रात्रीच्या गप्प बसण्याबद्दल देवाकडे क्षमा मागा, एकदाच, आणि मिळाली असं समजा. मग वर्षश्राद्धाची गर्दी ओसरली, पाहुणे बंडीत, गाडीत बसून गेले, की आईजवळ बसा. बाबांनी कोणता अभंग मागितला होता ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. तुम्हाला शब्द आठवत नसतील तर तिला विचारा. तिला येत असेल.